वाकड्या तोंडाचा शिपाई

मित्रांनो, मी एक जुना बाहुला आहे. तोंड मात्र माझं नवं आहे, आणि ते वाकडं आहे. मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण त्याबद्दलच विचारतो आणि घरातले लोक प्रत्येकाला वेगळंच काहीतरी सांगतात. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सगळं नीट सांगून टाकावं.

मुळशी तालुक्यातल्या रिहे गावात, ओढ्याच्या वरच्या अंगाला बाजीआबांचं पत्र्याचं घर आहे. त्या घराच्या खिडकीत मी उभा असतो. उंची एक वीत. डोक्याला लाल पटका, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. घोंगडीला खरी लोकर आहे. ती कोणी चिकटवली नाही, आपोआप चिकटली आहे. तेही पुढे येईलच.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या साच्यातून एकाच दिवसात माझ्यासारखे शेकडो निघाले. तेव्हा मी अंतराळातला शिपाई होतो. अंगात चंदेरी चिलखत, पाठीवर मऊ प्लॅस्टिकची निळी झूल, सरळ नाक, चौकोनी हनुवटी आणि यंत्राने छापलेले डोळे. माझ्या अंगात बावीस सांधे आहेत. शिवाय हातांच्या तीन जादा जोड्या मिळाल्या होत्या : एक मुठीची, एक उघड्या पंजाची आणि एक काहीतरी धरायची. डब्यावर माझं नाव मोठ्या अक्षरांत होतं. ते मी सांगत नाही. त्या नावाने मला आता कोणी हाक मारत नाही आणि मलाही आता त्याला ओ द्यावीशी वाटत नाही.

मला एका इंजिनिअरने विकत घेतलं. तो माण गावात शुभांगीताईंच्या इमारतीत भाड्याने राहत होता. असल्या बाहुल्यांचा डबा उघडला की त्याचं मोल जातं, असं तो म्हणायचा. म्हणून त्याने डबा कधी उघडलाच नाही. चार वर्षं मी त्याच्या फळीवर उभा होतो. पंधरा दिवसांनी एकदा तो धूळ पुसायचा, पण ती डब्यावरची. मित्र आले की त्यांना म्हणायचा, "हात नको लावूस, सील आहे अजून." ते ऐकून मी फुगून जायचो. खोटं कशाला सांगू, मला स्वतःचा फार गर्व होता. बावीस सांध्यांपैकी एकही कधी वाकला नव्हता, पण त्यात काही चुकतंय असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पुढे त्याला बाहेरदेशी नोकरी लागली. सामान बांधायची घाई झाली आणि मी फळीवरच राहिलो. शुभांगीताईंनी फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "ताई, जे काय राहिलंय ते देऊन टाका कुणालाही." चार वर्षांचा मान एका वाक्यात संपला. मला वाईट वाटलं. आजही आठवलं की थोडं वाटतं.

इमारतीच्या खालच्या गाळ्यात शुभांगीताईंचं ब्युटीपार्लर होतं. तिथे करिष्मा कामाला यायची. ही बाजीआबांची नात, वय वीस, रिह्याहून स्कूटीवर ये-जा करणारी. नखांवर बारीक नक्षी काढण्यात तिचा हात धरणारं माणमध्ये कोणी नव्हतं. ताईंनी माझा डबा तिच्या हातात ठेवला. "घेऊन जा गं. पोराबाळांना होईल खेळायला." करिष्माच्या घरात खेळायच्या वयाचं कोणी नव्हतं. तरी तिने डबा स्कूटीच्या डिकीत ठेवला, कारण तिच्या डोक्यात वेगळंच काही होतं.

ते काय, हे कळायला तुम्हाला आधी बाजीआबांची हकिकत सांगायला हवी. बाजीआबा मेंढपाळ. पंचवीस मेंढरं, दहाबारा शेरडं आणि थोडं भात. श्रावणात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात महिना काढून ते घरी आले. पाय सुधारला, काठी घेऊन चालता येऊ लागलं. बोलणं जड झालं तरी समजायचं. पण उजव्या हाताची मूठ वळेना आणि तोंडाची उजवी बाजू खाली ओढली गेली ती तशीच राहिली. दवाखान्यातल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं : हाताला काम द्या, पीठ मळा, शेंगा सोला, नाहीतर हात आहे तसाच राहील.

"आता पीठ मळायचं तेवढं ऱ्हायलं व्हतं," आबा म्हणाले आणि त्यांनी हात मांडीवर ठेवला तो कशालाही लावला नाही. घरी येताच त्यांनी मुलाला, म्हणजे करिष्माच्या वडिलांना, जालिंदरला, भिंतीवरचा आरसा काढायला लावला. मग त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. खिडकीतून मेंढरं दिसत, तर ते खिडकीकडे पाठ करून बसत.

त्या घरात आणखी एक गोष्ट बदलली होती. आबांची बायको, बयाबाई, यांच्या तोंडी एक वाक्य सतत असायचं. भाजीत मीठ कमी पडलं, चहा गार झाला, कोणी कामाला कुरकुरलं, की त्या म्हणायच्या, "तोंड वाकडं करू नगंस." श्रावणापासून ते वाक्य घरात कोणी उच्चारत नव्हतं. एकदा बयाबाईंच्या जिभेवर अर्धं आलं आणि त्यांनी ते गिळलं, भाकरीचा तुकडा गिळावा तसं. सगळ्यांनी ते ऐकलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी मेंढरांची कातरणी होती. कातरणीला भाऊबंद कात्र्या घेऊन येतात आणि एका दिवसात सगळी लोकर उतरवतात. लोकर गेली की मेंढराच्या अंगावरची खूणही जाते. बाजीआबांच्या कळपाची खूण म्हणजे डाव्या मांडीवर दोन निळ्या रेघा. त्या नव्याने काढाव्या लागतात, आणि ते काम घरच्या कर्त्याचं असतं. चाळीस वर्षं ते आबांनी केलं होतं.

"आबा, भाऊबंद येत्याल," जालिंदर म्हणाला. "खुणा करायला तुमी बसा."

"तूच कर. मला न्हाई दावायचं कुणाला ह्ये थोबाड."

"मी केल्या तर लोक काय म्हंत्याल? बाजी हाय का न्हाई, आसं इचारत्याल."

"न्हाई म्हणून सांग," आबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

कातरणीला आबा बाहेर येतील की नाही, या एका गोष्टीवर त्या घराचं सगळं अडून होतं. मी त्या घरात आलो तेव्हा कातरणीला अडीच आठवडे उरले होते.

करिष्माने आबांच्या खाटेशेजारी बसून सुरीने माझं सील कापलं. चार वर्षं जपलेलं सील फर्रकन गेलं. मला भोवळ यायची बाकी राहिली. तिने माझे सांधे एकेक वाकवून दाखवले आणि जादा हात खाटेवर मांडले. आबांनी मान वळवली. माझ्याबद्दल ते पहिल्यांदा बोलले ते हे : "ह्या शिपायाला जादाचं हात हायेत. येकेकाचं नशीब आसतंय." त्या दिवसापासून माझं नाव शिपाई पडलं.

करिष्माने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते. लोक अशा बाहुल्यांचा जुना रंग काढतात, चेहरा बदलतात, कपडे बदलतात आणि घरच्या घरी त्यांचं वेगळंच काहीतरी करतात. आबांना असं बारीक काम लावावं, म्हणजे हात आपोआप हलेल, असा तिचा बेत होता. "आबा, ह्याचा रंग काढून नवा द्यायचा हाय. मला मदत करा ना."

"मला न्हाई जमायचं."

"मग नुसतं बघा," ती म्हणाली आणि पार्लरमधून आणलेली बाटली तिने उघडली. बाटलीत नेलपॉलिश काढायचं पाणी होतं. नखावरचा रंग याने निघतो, तर बाहुल्याचाही निघेल, असा तिचा सरळ हिशोब. आधी पायाच्या तळव्याला लावून बघायचं असतं, हे व्हिडिओत सांगितलं होतं, पण तो भाग तिने पुढे ढकलला होता. तिने कापूस भिजवला आणि थेट माझ्या तोंडावर चोळला.

रंग निघाला. त्याच्याबरोबर नाकही निघालं. मित्रांनो, आम्हाला दुखत नाही, पण आपला चेहरा जातोय हे कळतं. डोळे पसरले, ओठ पुसले गेले, हनुवटीचा लगदा झाला आणि कापसाचे धागे गालाला चिकटून बसले. करिष्माने मला उचललं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता बाजीआबांचा एक स्वभाव होता. जितराब जखमी दिसलं की त्यांना गप्प बसवत नसे. लंगडं कोकरू, शिंग मोडलेली शेळी, काट्यात अडकलेलं करडू, कुणाचंही असो, ते जेवणावरून उठून जात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थोडा वेळ कळ काढली. मग म्हणाले, "आसं चोळत्यात व्हय? आण हिकडं."

त्यांनी मला डाव्या हातात धरलं. गालावरचे धागे काढायला दोन बोटं लागतात, आणि डावा हात माझ्यात गुंतला होता. उजवा हात मांडीवरून उठला. अंगठा आणि पहिलं बोट जवळ आलं, सुटलं, परत जवळ आलं. पहिला धागा निघायला बराच वेळ लागला. करिष्मा शहाणी, तिने मदतीला हात पुढे केला नाही. चुलीपाशी बयाबाई भाकरी थापायच्या थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आबांनीच विषय काढला. "ह्याला नाक बशिवलं पायजे. जाल्या, नळाच्या भोकाला लावतोस त्यो मसाला आण."

जालिंदर एका फार्महाऊसवर राखणीला होता. तिथे पाइप गळला की लावायचा लांबी मसाला असायचा : दोन वेगळ्या कांड्या, सारख्या घ्यायच्या आणि रंग एक होईपर्यंत मळायच्या. त्याने एक पाकीट आणलं. आबांनी मळायला घेतलं. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलेलं पीठ मळणं आणि हे मळणं यात काडीचा फरक नव्हता, पण ते आबांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं.

पहिल्या दिवशी मसाला मळून होईपर्यंत हातातच कडक झाला. दुसऱ्या दिवशी नाक बसलं आणि रात्रीतून पडलं. तिसऱ्या दिवशी ते भोपळ्याच्या देठाएवढं झालं. चौथ्या दिवशी करिष्माने युक्ती सुचवली की बोटं पाण्यात बुडवली की मसाला चिकटत नाही. मग नाक जमलं. पाठोपाठ कपाळ आलं, गालाची हाडं आली, मिशा आल्या. आबा रोज दुपारी कडधान्य निवडावं तसे डोकं खाली घालून बसत. मला ते नाक आवडलं नव्हतं. माझं जुनं नाक सरळ होतं, हे मध्येच बसकं होतं. पण इतकी वर्षं मला कोणी इतका वेळ हातात धरलं नव्हतं, त्यामुळे मी तक्रार केली नाही.

"आबा, हा कोण?" करिष्माने विचारलं.

"कुनीबी. मानूस हाय."

"अंतराळातला?"

"अंतराळात मेंढरं हायेत व्हय? पटका बांध त्याला."

शेवटी तोंड राहिलं. आबांनी बाभळीचा काटा घेतला आणि मिशांखाली रेघ ओढायला लागले. रेघ डावीकडून निघाली, सरळ आली आणि उजव्या टोकाला त्यांचा हात सटकला. काटा खाली घसरला. ओठाची उजवी कड हनुवटीपर्यंत ओढली गेली. ती वर करायला त्यांनी बोट ओलं केलं, तोवर मसाला कडक झाला होता.

करिष्माने आबांना दाखवायला म्हणून मोबाइलवर माझा फोटो काढला आणि काढल्यावर तिच्या लक्षात आलं की तो दाखवायचा कसा. फोटोत मी स्वतःला पाहिलं. बसकं नाक, वर आलेली गालाची हाडं, झुबकेदार मिशा आणि उजवीकडे ओढलेलं तोंड. समोर खाटेवर बसलेल्या माणसाचा चेहराच वीतभर अंगावर बसवला होता. बयाबाई पुढे आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं आणि परत चुलीकडे गेल्या.

आबांनी मला खिडकीत ठेवलं, तोंड बाहेरच्या बाजूला करून. चार दिवस मला कोणी हात लावला नाही. उजवा हात परत मांडीवर गेला. मला वाटलं, माझं झालं. आणि मित्रांनो, खरं सांगतो, तेव्हा मला माझ्यापेक्षा त्या हाताचं जास्त वाईट वाटलं. माझ्याकडे सहा जादा होते.

पाचव्या दिवशी दुपारी करिष्मा पार्लरला, जालिंदर कामावर आणि करिष्माची आई भाताच्या कापणीला गेली होती. आबांचे डोळे मिटलेले होते. बयाबाईंनी केर काढला आणि खिडकी पुसता पुसता मला उचललं. पदराने माझं तोंड पुसलं. मग माझ्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "काय वंगाळ न्हाई दिसत. रोज म्होरं आसलं की वाकडं हाय का सरळ, ध्यानातबी येत न्हाई. मला तर न्हाई येत." आणि त्यांनी मला परत ठेवलं, पण तोंड घराकडे करून.

आबा झोपलेले नव्हते. बयाबाईंची पाठ वळताच त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी करिष्मा निघायच्या तयारीत असताना आबा म्हणाले, "निळा रंग कुटं हाय? खुनंचा?" तिने डबा आणून दिला. आबांनी काडीला कापूस गुंडाळला, मला आडवं केलं आणि माझ्या डाव्या मांडीवर दोन रेघा काढल्या. दुसरी रेघ पहिलीपेक्षा सरळ आली. "पयली खूण," ते म्हणाले. "मंग बाकीचं. आता ह्यो आपल्यातला झाला." चार वर्षं सील असलेला मी, त्या दिवशी पहिल्यांदा कोणाचा तरी झालो.

नंतर रंगकाम सुरू झालं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट घरात होता, फार्महाऊसच्या फाटकाचा काळा आणि पांढराही होता. आबा पटका, धोतर आणि झूल रंगवायचे. चेहरा करिष्माकडे होता, कारण नखावरच्या नक्षीचा ब्रश तिच्याकडे होता. तिने पहिला हात दिला तो गोरापान.

"मी काय आसा हाय व्हय?" आबा म्हणाले. माझ्याबद्दल बोलताना पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'मी' आलं, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही. "चिखलाचा रंग घाल."

चेहरा छान झाला. धोतर वाळलं. पटका वाळला. पण घोंगडी म्हणून काळी रंगवलेली झूल काही वाळेना. आबा रोज बोट लावून बघत आणि बोट काळं होई. "शिंगाला दोन दिसांत वाळतुया, ह्याला का वाळंना?" करिष्माने मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं की मऊ प्लॅस्टिकवर हा रंग चिकटच राहतो, वर्ष गेलं तरी. शिंगाचा रंग शिंगाला बरा. कडक प्लॅस्टिकवरही त्याने काम भागतं, पण झुलीवर नाही. तेव्हापासून माश्या, धूळ, भाताचं तूस, जे येईल ते माझ्या पाठीला चिकटू लागलं. काठी धरायचा हात मात्र माझ्याकडे तयारच होता. डब्यातल्या तिसऱ्या जोडीतला. आबांनी तो स्वतः बसवला आणि त्यात बोरीची काडी खोवली.

इतकं सगळं झालं, तरी कातरणीला बाहेर यायचं आबांनी कबूल केलं नव्हतं. जालिंदरने परत विचारलं नाही.

रविवारी सकाळी भाऊबंद आले. आदल्या दिवशी ओढ्यात धुतलेली मेंढरं दावणीला होती. घोंगड्या अंथरल्या, कात्र्यांना धार लावली आणि कातरणी सुरू झाली. आबांचे चुलतभाऊ दादासाहेब सगळ्यांत पुढे होते. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "बाजी कुटं हाय?" जालिंदर म्हणाला, "घरात हायेत." दादासाहेबांनी मान हलवली आणि मेंढरू आडवं घातलं. माणसं एरवी कातरणीला खूप बोलतात. त्या दिवशी नुसता कात्र्यांचा आवाज येत होता. घरात आबा मला हातात घेऊन बसले होते आणि त्यांचं तोंड खिडकीकडे होतं.

कातरलेली आठ-दहा मेंढरं बिनखुणेची उभी राहिली. निळ्या रंगाचा डबा झाकण लावून दाराशी तसाच होता.

मग बयाबाईंनी चहा नेला. घरात चहाची दोन भांडी होती : एक सगळ्यांचं आणि एक आबांचं, त्यात साखर नसे. गडबडीत आबांचा पेला दादासाहेबांच्या हातात गेला. त्यांनी घोट घेतला आणि चेहरा असा केला की बघायलाच हवा होता. आणि बयाबाईंच्या तोंडून चाळीस वर्षांच्या सवयीने सरळ निघून गेलं :

"तोंड वाकडं कशाला करताय भावजी?"

कात्र्या थांबल्या. बयाबाईंनी पदर तोंडाला लावला. जालिंदर जमिनीकडे बघू लागला. दादासाहेब पेला तसाच धरून राहिले. एक मेंढरू तेवढं ओरडलं.

घरात खाट वाजली. काठीचा आवाज आला. बाजीआबा दारात येऊन उभे राहिले, डाव्या हातात काठी, उजव्या हातात मी. श्रावणानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर ऊन पडलं.

"त्याला कशाला बोलतीस?" ते बयाबाईंना म्हणाले. "ह्या घरात त्ये काम माझं हाय."

क्षणभर कोणाला हसावं की नाही ते कळलं नाही. मग आबाच हसले. त्यांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली, उजवी जागेवर राहिली आणि ते हसणं सगळ्यांना कळलं. दादासाहेब हसले, जालिंदर हसला. बयाबाई हसता हसता रडल्या आणि साखरेचा डबा आणायला आत गेल्या.

आबा घोंगडीवर बसले. त्यांनी मला बाजूच्या लोकरीच्या ढिगावर आडवं ठेवलं आणि निळ्या रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं. जालिंदरने पहिलं मेंढरू समोर धरलं. आबांनी काडी उजव्या हातात घेतली. पहिली रेघ तिरकी गेली. दुसरीही थोडी तिरकी गेली. जालिंदरने पुढचं मेंढरू धरलं. दहाव्या मेंढराला दोन्ही रेघा बऱ्या आल्या. दुपारपर्यंत पंचवीसच्या पंचवीस झाली. शेवटी मूठ आखडून गेली होती, पण काडी पडली नाही.

संध्याकाळी मला ढिगावरून उचललं तेव्हा माझी पाठ लोकरीने झाकली होती. न वाळलेल्या रंगावर ती बसली ती बसलीच. दादासाहेबांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "घोंगडी झाली की रं ह्याची." माझी झूल सुधारायची कोणाला गरजच उरली नाही.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. आबा रोज सकाळी ओढ्यापर्यंत कळपामागे जातात. त्यापुढे जालिंदर नेतो. उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही आणि तोंडही झालं नाही. आरसा मात्र परत भिंतीवर आला. बयाबाई आपलं ते वाक्य दिवसातून चार वेळा म्हणतात.

करिष्मा आता या कामात तयार झाली आहे. बाहुल्यांना लावायचे खरे रंग तिने आणले आहेत. पार्लरच्या कोपऱ्यात ती लोकांचे मोडके बाहुले दुरुस्त करून देते. परवा ती मला हातात घेऊन म्हणाली, "आबा, मला आता जमतं. ह्याचं तोंड सरळ करू का?"

आबा दारात काठी तासत होते. त्यांनी मान वर केली नाही. "ऱ्हाऊ दे. खूण हाय ती."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी डब्यात असेल तर त्याला बाहेर काढा. त्याचे सांधे वाकवा, हवा तसा रंगवा. तो बिघडेल, पण तुमचा होईल. त्याच्या अंगावर तुमच्या हाताची एखादी चूक राहिली तर ती घासून काढू नका. ब्रश वापरला की धुऊन ठेवा, आणि नवा रंग आधी पायाच्या तळव्याला लावून बघा. नेलपॉलिश काढायचं पाणी तर कधीही लावू नका. पटत नसेल तर रिह्याला या आणि माझ्या तोंडाकडे एकदा बघा.